उजवी कड जागेवर राहिली, त्याबद्दल आभार

नमस्कार,

नाव लिहीत नाही. पॅच, म्हणजे खिडक्या मांडणाऱ्या प्रोग्रामच्या कोडमधली दुरुस्ती, कुणाचा, हे तुम्हाला कळेलच.

खिडकी डाव्या कडेने धरून लहान-मोठी केली की उजवी कड थरथरायची. कळवलं की ठरलेली उत्तरं यायची: ग्राफिक्स ड्रायव्हर बदला, दोष अ‍ॅपचा आहे, आमच्याकडे तर होत नाही. 'उजवीकडून ओढा ना मग' असंही सुचवून झालं. धन्य!

तुम्ही वाद घातला नाहीत. चाचणीच्या छोट्या क्लायंटमध्ये (खिडकी उघडणाऱ्या अ‍ॅपमध्ये) कमिटच्या, म्हणजे नवं चित्र सोपवण्याच्या, आधी २०० मिलिसेकंद थांबायला लावणारी एक ओळ टाकलीत आणि तो सगळ्यांच्या हाती दिलात. बस्स. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम जेमतेम १६.७ मिलिसेकंदांची, झटपट चित्र देणाऱ्या अ‍ॅपमध्ये ही उडी त्यातच लपायची. आता खिडकी आधी आख्खी उजवीकडे सरकताना आणि मग आक्रसताना कुणालाही दिसू लागली. 'होत नाही' म्हणणारे त्या दिवशी गप्प झाले. पॅचइतकेच, खरं तर पॅचपेक्षा जास्त, आभार या एका ओळीचे.

कारण साधंच निघालं. वेलँडमध्ये (लिनक्सवर अ‍ॅपनी खिडक्या कशा दाखवायच्या याचे नियम) कंपोझिटर, म्हणजे खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्राम, माप फक्त सुचवतो. त्या सूचनेला सीरियल (क्रमांक) असतो, क्लायंट तो अ‍ॅक करतो, म्हणजे पोचल्याचं कळवतो, आणि मग नव्या मापाचा बफर (रंगवलेलं चित्र) कमिट करतो. जागा बदलायची ती त्या कमिटच्या वेळी. इथे मात्र माऊस हलला की लगेच बदलली जायची. टायनीडब्ल्यूएल या छोट्या नमुना कंपोझिटरच्या कोडमध्ये ही पळवाट घेतल्याची टिपणी आहे, पण लोक कोड उचलतात आणि टिपणी तिथेच ठेवतात.

खिडकीची जागा (उजवी कड वजा रुंदी) काढताना तुम्ही मागितलेलं माप न धरता क्लायंटने खरोखर दिलेलं धरलंत, हेही नेमकं. टर्मिनलला ८०५ पिक्सेल सांगितले तर अक्षरांच्या ९ पिक्सेल रुंद घरांमुळे तो ८०१ च देतो. उजव्या कडेतून ८०५ वजा केले तर ४ पिक्सेलचा हिसका ठरलेला. शिवाय रुंदी विंडो जॉमेट्रीची, म्हणजे प्रत्यक्ष खिडकीची, बफरची नव्हे, कारण बफरमध्ये खिडकीभोवतीची सावलीही मोजली जाते. क्लायंट मधल्या सूचना गाळून शेवटचीच अ‍ॅक करू शकतो, म्हणून अ‍ॅक झालेल्या सीरियलपर्यंतच्या सूचनांच्या सगळ्या नोंदी एकदम काढून टाकल्यात. आणि बटण सोडल्याक्षणी कोणती कड धरली होती ते विसरायचं नाही. शेवटचा कमिट यायचा बाकी असतो. हे न केल्यामुळे आधीची दुरुस्ती अगदी शेवटी फसायची.

तक्रार करणाऱ्याला खोटं न पाडता आधी दोष स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारी माणसं कमी भेटतात.

वरच्या कडेलाही तोच क्लायंट लावून पाहिला, उंची वजा करून. खालची कड हलली नाही. मनापासून आभार.