डॉक्टर, त्या एका मताचं तुम्हाला काय मिळालं?

लुइझियानाचे सिनेटर डॉ. बिल कॅसिडी यांना खुले पत्र

जानेवारी २०२६

मा. सिनेटर डॉ. कॅसिडी यांस,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्याच राज्यातली, कोणत्याही पक्षात नाव न नोंदवलेली मतदार. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ह्यूस्टनपासून न्यू जर्सीपर्यंत आमची माणसं "इथल्या पक्षांच्या भांडणाशी आपल्याला काय करायचंय" असं म्हणत बसली आहेत, आणि ते भांडण आता बाळंतिणीच्या खाटेपाशी येऊन पोचलंय.

या महिन्यात दोन गोष्टी घडल्या. ५ जानेवारीला सीडीसीने, म्हणजे इथल्या केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेने, मुलांना सरसकट द्यायच्या लशींची यादी १७ आजारांवरून ११ वर आणली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तुमच्या सिनेटच्या जागेसाठी तुमच्याविरुद्ध तुमच्याच रिपब्लिकन पक्षातल्या ज्युलिया लेटलो यांना पाठिंबा जाहीर केला. पहिल्या गोष्टीने माझी झोप उडाली. दुसरी ऐकून मला तुमचा राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. ज्या माणसाची मर्जी राखायला तुम्ही आमची मुलं पणाला लावलीत, ती मर्जी तुम्हाला मिळालीच नाही. मग आमचं जे गेलं ते कशासाठी गेलं?

तुम्ही यकृताचे डॉक्टर. बॅटन रूजच्या अर्ल के. लाँग रुग्णालयात विमा नसलेल्या गरिबांवर तुम्ही वर्षानुवर्षं उपचार केलेत. या भागातल्या ३६,००० मुलांना हेपटायटिस बीची लस फुकट मिळावी म्हणून तुम्ही योजना उभी केलीत. ट्रम्प यांनी आरोग्यमंत्री म्हणून निवडलेल्या, लशींवर शंका घेणाऱ्या रॉबर्ट केनेडींच्या सुनावणीत तुम्ही १८ वर्षांच्या एका मुलीची हकिगत सांगितलीत. हेपटायटिस बीने तिचं यकृत निकामी झालं होतं आणि तिला हेलिकॉप्टरने प्रत्यारोपणासाठी हलवावं लागलं. पन्नास डॉलरच्या लशीने हे सगळं टळलं असतं, असं तुम्हीच म्हणालात. ते ऐकताना मी रडले. हा माणूस आता 'नाही' म्हणणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

४ फेब्रुवारी २०२५ ला अर्थ समितीत तुम्ही 'हो' म्हणालात. निकाल १४ विरुद्ध १३. तुमचं एक मत फिरलं असतं तर केनेडींचं नाव त्या समितीतच अडकलं असतं.

सभागृहात उभं राहून तुम्ही आम्हाला आश्वासनं वाचून दाखवलीत. लसविषयक सल्लागार समितीच्या शिफारशी आहेत तशा राहतील. लशींमुळे ऑटिझम होत नाही हे विधान सीडीसीच्या संकेतस्थळावरून हटणार नाही. बोलावलं तर मंत्री दर तिमाहीला तुमच्या समितीपुढे येतील. पुढचं सगळ्या देशाने पाहिलं. ९ जूनला त्या सल्लागार समितीच्या सगळ्या १७ सदस्यांना काढून टाकलं. ऑगस्टमध्ये सीडीसीच्या प्रमुखपदी बसून महिनासुद्धा न झालेल्या सुसान मोनारेझ यांना घालवलं. नोव्हेंबरमध्ये संकेतस्थळावर ते विधान शिल्लक ठेवलं, पण त्याला तारांकित चिन्ह जोडून खाली लिहिलं की सिनेटच्या आरोग्य समितीच्या अध्यक्षांशी ठरलं होतं म्हणून हे काढलेलं नाही. आणि त्याच पानावर, या विधानाला पुरावा नाही, असंही लिहिलं. ते अध्यक्ष तुम्ही! दिलेला शब्द पाळल्याचं दाखवून तुमचीच जगभर शोभा केली. हा अपमान तुम्ही कसा गिळलात?

डिसेंबरमध्ये नव्या सल्लागार समितीने ८ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की आईची तपासणी निगेटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्याजन्मल्या हेपटायटिस बीची लस सरसकट द्यायला नको. आईबापांनी डॉक्टरशी बोलून ठरवावं. ही चूक आहे, असं तुम्ही समाजमाध्यमावर लिहिलंत. तुम्ही सिनेटर आहात, समितीचे अध्यक्ष आहात. लिहायला आम्ही आहोत की.

"आई निगेटिव्ह असेल तर बिघडलं काय?" असं मला आमच्या मंडळातली एक पहिलटकरीण फोनवर विचारत होती. तिला जे सांगितलं तेच इथे सांगते.

माझे वडील तासगावकडचे. मी बारावीत असताना गेले. आमच्याकडे हेपटायटिस बीला पांढरी कावीळ म्हणतात. आधी गळ्यात काविळीची माळ घातली, मग पथ्य, मग पोटात पाणी झालं. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा यकृताचा कॅन्सर पसरला होता. शेजारपाजारच्यांनी आमच्या घरचं पाणी पिणं सोडलं. आईने वडिलांची भांडी वेगळी ठेवली होती, ती त्यांच्यामागे पुरून टाकली. पण आमचं रक्त तपासा, असं आम्हाला कुणी सांगितलं नाही. भारतात या विषाणूचे सुमारे चार कोटी रुग्ण आहेत असं म्हणतात. त्यातल्या किती जणांना ते ठाऊक असेल?

लग्न होऊन मी इथे आले. पहिल्या खेपेला गरोदरपणात माझं रक्त घेतलं होतं. त्याचा रिपोर्ट प्रसूतीच्या ठिकाणी पोचलाच नाही. मला कुणी विचारलं असतं तर मीही 'काही नाही' असंच सांगितलं असतं, कारण मला माहीतच नव्हतं. माझ्या मुलाला लस मिळाली ती केवळ सगळ्यांना देतात म्हणून. नर्सने नेहमीप्रमाणे येऊन टोचली आणि ती गेली. घरी आल्यावर फोन आला की मी पॉझिटिव्ह आहे, बाळाला ताबडतोब घेऊन या. जन्माच्या वेळी लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांना हा विषाणू आयुष्यभर सोडत नाही. माझा मुलगा आज निगेटिव्ह आहे. त्याला कुणाच्या विशेष हुशारीने वाचवलेलं नाही. १९९१ पासून चालत आलेल्या एका साध्या नियमाने वाचवलंय. त्या नियमामुळे या देशातल्या लहान मुलांमधली लागण ९९ टक्क्यांनी कमी झाली. तो नियम तुमच्या डोळ्यांदेखत मोडला गेला.

मी रोज गोळी घेते. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घेते आणि निकाल येईपर्यंत वडिलांचं पोट आठवत राहते. हे मी आमच्या मंडळात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते आहे, कारण गप्प बसून काय होतं ते मी दोन देशांत पाहिलंय.

तुम्ही मुळात भित्रे असता तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. १३ फेब्रुवारी २०२१ ला महाभियोगाच्या खटल्यात ट्रम्प यांना दोषी ठरवणाऱ्या सात रिपब्लिकन सिनेटरांत तुम्ही होतात. कोणत्याही एका माणसापेक्षा संविधान आणि देश मोठा, असं तुम्ही मोजक्या शब्दांत सांगितलंत. त्याच दिवशी तुमच्या राज्यातल्या पक्षाने तुमच्या निषेधाचा ठराव केला. पुढे लुइझियानाने निवडणुकीची पद्धत बदलली. आधी सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असत; आता तुम्हाला आधी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या बंदिस्त प्राथमिक फेरीतून पार व्हायचंय. तुमच्यावरचा दबाव मला कळत नाही असं नाही. त्याच महाभियोगाला मत देणाऱ्या लिझ चेनी प्रतिनिधीगृहात तुमच्या पक्षाच्या तिसऱ्या क्रमांकाच्या नेत्या होत्या. त्यांना पदावरून काढलं आणि २०२२ मध्ये वायोमिंगच्या प्राथमिक फेरीत त्या ३७ टक्क्यांनी पडल्या. महाभियोगाला मत देणाऱ्या प्रतिनिधीगृहातल्या दहा रिपब्लिकनांपैकी दोघेच पुन्हा निवडून आले. तुमच्याच पक्षाचे सिनेटर थॉम टिलिस यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या ६ लाख ६३ हजार लोकांचं मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा, जाईल म्हणून ट्रम्प यांच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं. राष्ट्राध्यक्षांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवार शोधायची धमकी दिली आणि दुसऱ्याच दिवशी, आपण पुन्हा उभे राहणार नाही, असं टिलिस यांनी जाहीर केलं. सिनेटर लिसा मर्कोव्स्की अलास्कात लोकांसमोर बोलून गेल्या की आम्ही सगळे घाबरलेलो आहोत. जगातल्या सर्वांत बलाढ्य म्हणवणाऱ्या सभागृहाची सदस्य हे बोलते!

माझ्या मायदेशात १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. तिथे व्हिप मोडला तर आमदारकी जाते, खासदारकी जाते. तो कायदा मला कधीच आवडला नाही. माणूस निवडून येतो आमच्या मतांवर आणि हात वर करतो पक्षाच्या हुकमावर, आणि तरीही महाराष्ट्रात पक्ष फुटायचे ते फुटलेच. पण निदान त्या आमदाराला कायद्याकडे बोट दाखवता येतं. तुमच्या संविधानात असलं काही नाही. विरोधी मत दिलं म्हणून सिनेटरची जागा जात नाही. सहा वर्षं तुम्हाला कुणी हात लावू शकत नाही. या देशाचं नागरिकत्व घेताना शिकवलेलं मी मन लावून शिकले होते: इथे लोकप्रतिनिधी स्वतःच्या विवेकाने मत देतो. आता दिसतं ते असं की तुमचा व्हिप कागदावर नाही, तो रात्री एका माणसाच्या फोनमधून निघतो आणि सकाळपर्यंत पन्नास लोकांना पोचलेला असतो.

आणि विरोध करतं कोण? जो जायला निघालाय तो. केनेडींच्या विरोधात मत देणारे एकमेव रिपब्लिकन मिच मॅकॉनेल. लहानपणी पोलिओ झालेला माणूस. पुन्हा लढणार नाही, हे त्यांनी त्यानंतर आठवड्याभरातच जाहीर केलं. टिलिस मोकळेपणाने बोलायला लागले तेही तसेच. दुसऱ्या पक्षाने फार टेंभा मिरवू नये. बायडन यांचं वय झालंय असं त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे डीन फिलिप्स उघड बोलले तर त्यांना वाळीत टाकलं. जुलै २०२४ मध्ये बायडन यांनी निवडणुकीतून माघार घेतली आणि तेच खरं ठरलं, तेव्हा फिलिप्स यांची माफी कुणी मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. दोन्हीकडे निष्ठेची परीक्षा एकच: समोर दिसतंय ते दिसत नाही म्हणा. आमच्यासारख्यांनी मग कुणाकडे बघायचं? मतं द्यायची, कर भरायचा, आणि आपल्या लेकराची लस कुणाच्या उमेदवारीच्या सौद्यात गेली ते बातम्यांत वाचायचं?

केनेडींना सिनेटने मंजुरी दिली त्याच दिवशी, १३ फेब्रुवारी २०२५ ला, लुइझियानाच्या आरोग्य खात्याने सामूहिक लसीकरणाचा प्रचार थांबवला. तेव्हा या राज्यात डांग्या खोकला पसरत होता आणि त्यात दोन तान्ही बाळं गेली. ज्यांनी तो आदेश काढला त्या डॉ. राल्फ अब्राहम यांना बढती मिळून ते सीडीसीत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसले. इथे निष्ठेला फळ मिळतं, पण तुमच्यासारख्या अर्ध्या निष्ठेला मिळत नाही, हे आता तरी ध्यानात घ्या.

माझं मागणं फार नाही. केनेडींशी जे जे ठरलं होतं त्याचा शब्दन् शब्द प्रसिद्ध करा, म्हणजे काय मोडलं ते आम्हाला कळेल. हेपटायटिस बीच्या निर्णयावर मंत्र्यांना तुमच्या समितीपुढे शपथेवर बोलवा. समितीच्या अध्यक्षाचा हातोडा तुमच्या हातात आहे आणि वर्ष संपेपर्यंत तो तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, लेटलोबाई नाहीत आणि राष्ट्राध्यक्षही नाहीत. त्या सुनावणीत त्या १८ वर्षांच्या मुलीची हकिगत पुन्हा सांगा आणि ती सांगून झाल्यावर मंत्र्यांना विचारा, की आईचा रिपोर्टच पोचला नाही तर बाळाचं काय करायचं. माझी साक्ष हवी असेल तर मी येईन. नाव लावून येईन, मुलालाही घेऊन येईन.

सुनावणीची तारीख कळवा.

तुमच्या राज्यातली एक मतदार,
बॅटन रूज, लुइझियाना