पहिलीच्या बाईंना, चुकांच्या वहीबद्दल

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेच्या आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावासाठी, पहिली-दुसरीच्या वर्गावर येणाऱ्या आम्हा छात्राध्यापकांना तुम्ही तुमची चुकांची वही दिलीत, त्याबद्दल हे आभारपत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण ती वही धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेच्या कपाटात राहण्यासारखी नाही. पाठ टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, कसा काढायचा ते अध्यापक विद्यालयात शिकवतात. मूल ‘कविता’चं ‘किवता’ का करतं, ते टाचणात कुठेच येत नाही.

वहीत तीनच रकाने आहेत: शब्द काय होता, मुलानं काय वाचलं, कशामुळे. बरोबर-चूकची खूण नाही, गुण नाहीत. दुसऱ्या रकान्यात मुलाच्या तोंडून आलं ते जसंच्या तसं. हा रकाना प्रामाणिक असला तरच तिसरा भरता येतो, हे तुमचं म्हणणं आता पटलंय.

‘किवता’चंच घ्या. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची अक्षराच्या नंतर. मूल डावीकडून येतं, ‘क’ संपतो तिथेच त्याला वेलांटी भेटते, ते ती ‘क’ला देऊन टाकतं. यावर तुमचा उपाय कात्रीचा. शब्दपट्टीवर ‘वि’ पूर्ण एका रंगात लिहायचा, क, वि, ता असे तीन तुकडे कापायचे, विस्कटायचे, मुलालाच परत लावू द्यायचे. रोज पाच शब्द, आठवडाभर. रफाराचं बरोबर उलटं: खूण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, आवाज त्याच्या आधी. म्हणून ‘गर्दी’चं ‘गदीर’ होतं. वेलांटी पक्की होईपर्यंत रफाराला हात लावू नका, असं तुम्ही त्या पानावर लाल शाईनं लिहिलंय.

‘धरण’ला ‘घरण’, ‘भात’ला ‘मात’, ‘थवा’ला ‘यवा’. या तीन वेगळ्या चुका नाहीत, एकच आहे, हे वहीनं दाखवलं. ध, भ, थ या तिन्ही अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटते. घ, म, य यांच्यावर ती सलग असते. मुलाला ती फट दिसलेली नसते. आणि आपण फळ्यावर काय करतो? शब्द लिहून झाला की एका फटकाऱ्यात आडवी रेघ ओढतो, आणि ‘ध’चा ‘घ’ आपल्याच हातानं करून ठेवतो. रेघ शेवटी, सावकाश आणि फट सोडून काढायची. जोडीतलं एक अक्षर पक्कं झाल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्यायचे, मगच दुसरं आणायचं. (छापील सरावपत्रिकांचंही तसंच. फॉन्ट हिंदी वळणाचा असला की ‘ल’ आणि ‘श’ पुस्तकातल्यासारखे दिसत नाहीत आणि मूल अडतं. पत्रिका वाटण्याआधी ही दोन अक्षरं तपासायची.)

सगळ्यात जास्त पानं ‘घर’सारख्या शब्दांवर खर्च झालीत, आणि ते योग्यच आहे. अक्षर-अक्षर वाचणारं मूल ‘घ’, ‘र’ असे दोन पूर्ण आवाज काढतं, दोन्हींत ‘अ’ ठासून. आपण बोलताना शेवटचा ‘अ’ गिळतो आणि ‘घर्’ म्हणतो. मुलाच्या तोंडून आलेल्या आवाजात त्याला स्वतःलाच घर ऐकू येत नाही. ‘कमळ’वर टाळ्या वाजवायला सांगितल्या तर मूल दोन वाजवतं, क-मळ्. आपण अक्षरं मोजून तीन मागतो आणि त्याला चुकलास म्हणतो. त्याचा कान बरोबर असतो. म्हणून बोलण्यातले ठेके आणि लिहिण्यातली अक्षरं हे दोन खेळ तुम्ही वेगळे ठेवलेत. सुरुवातीच्या दहा मिनिटांत पुस्तक बंद, नुसते आवाज: ‘कमळ’मधला ‘क’ पळाला, काय उरलं? ‘मळ’. जोडवाचनाला, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचायला, सुरुवात म, स, र, ल, न यांच्यापासून, कारण हे आवाज लांबवता येतात. बोट शब्दाखाली टकटक न करता सरकवत न्यायचं.

वर्णमाला क्रमानं शिकवायचा मोह आम्हालाही होता. उच्चारस्थानं समजून घ्यायला तो क्रम सुंदर आहे. नव्या वाचकाच्या कानाला मात्र क-ख, ग-घ हे अगदी जवळचे आवाज एकापाठोपाठ येतात, आणि ‘ङ’पासून तर शब्दच सुरू होत नाही. त्यापेक्षा म, क, ल, र, आ आणि काना या सहा खुणा आधी घेतल्या की काका, मामा, काम, काल, लाल, माल, रमा, कमाल इतके शब्द हाताशी येतात, आणि ‘मामा काल आला’ हे वाक्यसुद्धा. पहिल्याच महिन्यात मूल अर्थ असलेलं काहीतरी वाचतं. 34 व्यंजनांची बाराखडी म्हणजे 408 रूपं. ती पाठ होईपर्यंत वाक्याची वाट पाहणं फार महागात पडतं.

मगरीच्या चित्राखाली ‘मगर’ असताना ‘सुसर’ वाचणारं मूल अर्थाला धरून आहे, अक्षरांकडे त्यानं पाहिलेलंच नाही. त्याला चित्र झाकून तोच शब्द द्यायचा. उलट ‘जग’ हा शब्द नुसत्या अक्षरांनी सुटतच नाही. ‘जग मोठं आहे’ आणि ‘आनंदानं जग’ यांतला ‘ज’ वेगळा, तो वाक्य कळल्यावरच ठरतो.

लहान मुलांना वाचन आणि अंकज्ञान यावं यासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 2021मध्ये आलं, तेव्हापासून दुसरीला मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीला किमान 60 शब्द समजून वाचणं हे लक्ष्य सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यातलं ‘समजून’ गळून पडतं आणि स्टॉपवॉच उरतं. धडाधड वाचणाऱ्या मुलाची तुमच्या रकान्यांत एकही नोंद होत नाही, म्हणून त्यांच्यासाठी तुम्ही वेगळं पान ठेवलंत. मिनिटभर वाचन झालं की दोन प्रश्न: एकाचं उत्तर मजकुरात सापडणारं, दुसरा ‘का’चा. आणि वीस शब्दांत दोनपेक्षा जास्त ठिकाणी मूल अडलं, तर त्या दिवशी मजकूर बदलायचा, मुलाला दामटायचं नाही.

अहिराणी बोलणाऱ्या मुलांची वाक्यं तुम्ही फळ्यावर तशीच घेता: ‘मनी माय वावरमा गयी’. त्याच्या खाली ‘माझी आई शेतात गेली’. वरचं पुसायचं नाही. मुलं दोन्ही ओळी वाचतात आणि ‘मनी’खाली ‘माझी’, ‘वावरमा’खाली ‘शेतात’ अशा जोड्या स्वतःच लावतात. इथला दुसरा रकाना तुम्ही चुकांमध्ये धरलेलाच नाही, हे आम्हाला दोनदा पानं उलटल्यावर लक्षात आलं.

वहीची झेरॉक्स आम्ही काढून घेतली आहे. मूळ वही पुठ्ठ्याचं कव्हर घालून परत पाठवतोय, सोबत दोन कोऱ्या दुरेघी वह्या. जोडाक्षरांच्या पानांवर तिसरा रकाना बराचसा रिकामा आहे. त्या नोंदी पूर्ण झाल्या की आम्हाला कळवा, झेरॉक्स न्यायला आम्ही येऊ.

तुमचे,
अध्यापक विद्यालयातील द्वितीय वर्षाचे छात्राध्यापक