कपड्यांची खोली करण्याआधी भिंत तपासा

मा. संपादक,

घरसजावटीच्या पुरवण्यांत ‘वॉक-इन वॉर्डरोब’चे फोटो हल्ली वरचेवर दिसतात. मुलं शिक्षणाला बाहेरगावी गेली की रिकामी पडलेली 7 बाय 8 फुटांची खोली कपड्यांना द्यायची, ही कल्पना चांगलीच आहे. दारं नसलेली साधी कपाटं सुताराशिवाय घरी उभी करता येतात, हेही खरं. मात्र फोटोत भिंतीतली ओल दिसत नाही. मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत पावसाचा मारा नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून येतो. त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला, किंवा बाथरूमच्या सामाईक भिंतीला कपाट चिकटवलं, की एकाच पावसाळ्यात कपाटाच्या पाठीच्या प्लायला बुरशी धरते. मागची बाजू कोणी बघत नाही. कपड्यांना वास आल्यावरच ते कळतं.

म्हणून मापं घेण्याआधी जाड प्लॅस्टिकचा दीड फुटाचा चौकोन भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवावा, शक्यतो पावसाळ्यात. प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. प्लॅस्टिकच्या बाहेर, खोलीच्या बाजूला थेंब आले तर खोलीची हवाच दमट आहे. पहिल्या प्रकारात वॉटरप्रूफिंग होईपर्यंत त्या भिंतीला काहीही टेकवू नये. आरसासुद्धा नको, त्याचा मागचा मुलामा काळा पडतो. मग एकाच भिंतीवर कपाटं आली तरी चालेल.

दोन्ही भिंती कोरड्या असतील तर सात फुटांच्या रुंदीत दोन्हीकडे 24-24 इंचांची कपाटं आणि, त्यांच्या मागे भिंतीपासून सोडायची दीड-दोन इंचांची फट धरून, मध्ये साधारण पावणेतीन फुटांची वाट बसते. वाट अडीच फुटांच्या खाली गेली की ड्रॉवर उघडून समोर उभं राहता येत नाही. हँगर साधारण 17-18 इंच रुंद असतो, त्यामुळे कपाटाची आतली खोली 22 इंच तरी हवी. शर्टांसाठी दोन रॉड लावावेत, कपाटाच्या तळापासून 40 आणि 80 इंचांवर. लांब कुर्ते, अनारकली यांच्यासाठी एका खणात 60 ते 65 इंच मोकळी उंची ठेवावी. 

आठ फुटांच्या भिंतीवर 31 इंच रुंदीची तीन कपाटं घ्यावीत. उरलेले तीन इंच पट्टीने झाकता येतात आणि वाकडी भिंतही त्यातच सामावते. भिंती कधीच काटकोनात नसतात. उंची 84 इंच. प्रत्येकी दोन बाजू, वर-खाली आणि दोन फळ्या धरल्या तर तिन्ही कपाटांना 18 मिमी प्लायचे 8 बाय 4 चे पाच शीट आणि पाठीला 6 मिमीचे तीन शीट लागतात. ड्रॉवर वेगळे. प्लाय आयएस 303 या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) घ्यावा, नुसता एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) नको. दुकानदाराला 24 इंचांच्या दोन पट्ट्या सांगितल्या तर दुसरी रुंदीला कमी भरते, कारण करवतीच्या पात्यातच एखादं सूत (सुमारे 3 मिमी) जातं. 600 मिमी सांगावं. कापणी दुकानातल्या पॅनेल सॉवरच, म्हणजे शीट कापायच्या यंत्रावरच करून घ्यावी. आठ फुटी शीट बहुतेक सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये मावतही नाही. उघड्या कडा एज बँडने (कडेला चिकटवायच्या पट्टीने) बंद करायच्याच, पाणी आणि वाळवी तिथूनच शिरते.

84 इंचांचा आग्रह का? कपाट जमिनीवर आडवं जोडून मग उभं करतात. चार इंची पायांसह 100 इंच उंच आणि 24 इंच खोल कपाटाचा कर्ण जवळपास 103 इंच भरतो. फॉल्स सीलिंगखाली साडेआठ फूट, म्हणजे 102 इंचच असतील तर ते तिरकंच अडकतं आणि पुन्हा सुटं करावं लागतं. वरचा माळा वेगळा खोका करून नंतर चढवावा. पाठ ठोकण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून सारखे करावेत, नाहीतर पुढे ड्रॉवर घासतात. स्क्रूसाठी 3 मिमीचं छिद्र आधी पाडावं, नाहीतर प्लायची कड फुटते. तीन फुटांहून लांब फळीला किंवा रॉडला मध्ये आधार हवा.

वजन जमिनीवरच द्यावं. भिंतीला फक्त वरून दोन अँगल, कपाट पुढे कलंडू नये म्हणून. नव्या इमारतींतल्या सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकच्या) भिंतीत साधा प्लॅस्टिक गिट्टा सैल होतो, त्यासाठी लांब नायलॉन प्लग घ्यावा. पाठ आणि भिंत यांच्यात दीड-दोन इंच फट राहू द्यावी. स्विचबोर्ड कपाटामागे गाडू नये आणि एलईडी पट्टीचा ड्रायव्हर (तिला वीज पुरवणारा डबा) हाताला येईल असा ठेवावा. ओल घालवायला कपाटात पिवळा बल्ब जळत ठेवायची जुनी युक्ती विसरावी, कपड्यांना आग लागू शकते.

एक्झॉस्ट पंख्याने ओल जाते, हाही गैरसमज आहे. भर पावसात तो बाहेरची दमट हवाच आत खेचतो. तेव्हा खिडकी लावून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) चालवावा, आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत ठेवावी. उघडीप मिळाली की पंखा. आर्द्रता दाखवणारा घड्याळाएवढा हायग्रोमीटर महाग नसतो.

पैठणी आणि जरीच्या साड्या मात्र रॉडवर टांगू नयेत, जरीच्या वजनाने घडीवर कापड विरतं. सुती कापडात गुंडाळून फळीवर ठेवाव्यात आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत. कापूर आणि डांबरगोळ्या एकत्र तर कधीच नकोत. दोन्ही मिळून पाझरतात आणि डाग पडतात. सगळं काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावं. गोंद आणि रंगाचा वास जाईपर्यंत, साधारण दोन-तीन आठवडे, खोली उघडी ठेवून मगच कपडे लावावेत.

– एक वाचक, ठाणे