खड्डा कुणाचा ते आधी लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खड्ड्यात पडून माणूस गेला तर घरच्यांना 6 लाख, जखमी झाला तर 50 हजार ते अडीच लाख, हा मुंबई हायकोर्टाचा 2025 च्या ऑक्टोबरमधला आदेश. पेपरात आला तेव्हा कात्रण कापून ठेवलं होतं, आपल्याला कधी लागेल असं डोक्यातही नव्हतं. महिन्याभरात लागलं. आमचे दाजी रात्री साडेदहाला दुकान बंद करून स्कूटरवरून घरी येत होते, पुलाच्या उतारावर खड्डा, त्यात कोणीतरी टाकून ठेवलेली सुटी खडी, वरचे दिवे बंद. कॉलर बोन मोडलं, प्लेट टाकावी लागली, दीड महिना शटर खाली.

आता पुढचं ऐका. पोलिसांच्या नोंदीत काय लिहिलं तर "गाडीवरील ताबा सुटून पडल्याने". हॉस्पिटलच्या कागदावर टू व्हीलरवरून पडले एवढंच. खड्डा हा शब्द कुठंच नाही. ताई आणि आम्ही हॉस्पिटलच्या धावपळीत, फोटो काढायचं कुणाला सुचणार, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भाचा मोबाईल घेऊन गेला तर खड्डाच गायब, पेव्हर ब्लॉक बसवून मंडळी मोकळी. कोर्टाने सांगितलंय की खड्डा नजरेस आणून दिला की 48 तासात बुजवा. आमच्या भागात इतक्या झटपट खड्डा बुजलेला मी पहिल्यांदाच बघितला, आणि तो नेमका आमचा पुरावा निघाला.

आदेश चांगलाच आहे, गैरसमज नको. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांनी स्पष्ट म्हणलंय की पैसे आधी ज्याचा रस्ता त्याने द्यायचे आणि मग जबाबदार अधिकारी, इंजिनियर, कॉन्ट्रॅक्टर यांच्याकडून वसूल करायचे. क्लेम केल्यापासून सहा ते आठ आठवड्यात रक्कम हातात, उशीर केला तर 9 टक्के व्याज. रक्कम ठरवायला समिती, शहरात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. आणि ही सगळी केस उभी राहिली 2013 मध्ये न्या. गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या एका पत्रावरून, म्हणजे हायकोर्टाच्या जजलासुद्धा रस्त्यासाठी पत्रच लिहावं लागलं. बारा वर्षं गेली त्यात. मग मी तुम्हाला लिहितोय त्यात नवल काय.

आधी काय होतं तेही बघा. दुसऱ्या गाडीने उडवलं तर मोटार अपघात ट्रिब्युनल आहे, वय आणि कमाईचा हिशोब करून भरपाई मिळते. गाडीवाला पळून गेला तरी सरकारी योजनेत मृत्यूला 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार आहेत. पण एकटा खड्ड्यात पडला तर समोर गाडीच नाही, इन्शुरन्स कंपनी नाही, मग जा दिवाणी कोर्टात. तिथं महापालिकेला आधी नोटीस द्या, महिना थांबा, पण दावा सहा महिन्यांच्या आत लावा, मागितलेल्या रकमेच्या हिशोबाने कोर्ट फी भरा, आणि तारखा मोजत बसा. मोडक्या खांद्याने हे कोण करणार.

आणि केलं तरी निकाल कुठल्या बाजूला पडेल सांगता येत नाही. दिल्लीत चांदनी चौकातला घंटाघर कोसळून माणसं मेली, त्यात सुप्रीम कोर्टाने 1966 मध्ये महापालिकेला जबाबदार धरलं, कारण इमारत 80 वर्षांची झालेली आणि तसल्या चुन्याच्या बांधकामाचं आयुष्यच 40-45 वर्षं, तुम्ही तपासायला हवं होतं. पण राजकोटमध्ये फुटपाथवरून ऑफिसला चाललेल्या माणसावर झाड पडलं, तो गेला, तिथं 1997 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने महापालिकेची बाजू घेतली आणि खालच्या कोर्टाने बायकामुलांना दिलेले 45 हजार काढून घेतले. झाड कधी पडेल हे महापालिकेला कसं कळणार म्हणे! मला विचाराल तर हा दुसरा निकाल पटत नाही, पण माझ्या पटण्याला कोण विचारतंय.

2019 ला मोटार वाहन कायद्यात कलम 198अ आलं. रस्ता ठरलेल्या दर्जाचा ठेवला नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर कॉन्ट्रॅक्टर आणि रस्तेवाल्या खात्याला 1 लाखापर्यंत दंड. वाचून बरं वाटतं, मग खालची ओळ वाचा, तो दंड जातो सरकारी फंडात, पडलेल्याच्या घरी नाही. मात्र त्याच कलमात एक कामाची गोष्ट आहे, कोर्टाने हे बघायचं की रस्ता खराब आहे हे त्या खात्याला माहीत होतं का किंवा माहीत असायला हवं होतं का. म्हणून आपण ॲपवर टाकलेली खड्ड्याची तक्रार, तिचा नंबर, तारीख, हे जपून ठेवा, उद्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आता आमचं घोडं कुठं अडलंय ते सांगतो. अर्ज घेऊन गेलो तर महापालिकेत पहिला प्रश्न, हा रस्ता आमचाच कशावरून? पूल एका खात्याचा, उतार दुसऱ्याचा, खालचा रस्ता महापालिकेचा, आणि खड्डा बरोबर सांध्यावर. पीडब्ल्यूडीकडे, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे गेलो, ते म्हणाले हस्तांतरण झालंय. कागद दाखवा म्हणलं तर साहेब साइटवर. समिती म्हणून विचारलं तर खिडकीवरच्या बाईंनी माझ्याकडूनच कात्रण घेऊन झेरॉक्स काढली, हे खरं सांगतोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे किती हे कोर्टाने ठरवून दिलं, पण रस्ता कुणाचा हे पडलेल्या माणसाने का शोधायचं? प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही टोकांना बोर्ड लावा, खातं कुठलं, कॉन्ट्रॅक्टर कोण, दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघडलं तर कॉन्ट्रॅक्टरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, कधीपर्यंत. उद्घाटनाचे बोर्ड लावायला जागा मिळते की. आणि पोलिसांनी दुचाकी घसरली की पंचनाम्यात रस्त्याची अवस्था, खड्ड्याची लांबी रुंदी खोली आणि दिवे चालू की बंद हे लिहायचंच, टेपने मोजून, फोटोसकट. ते होईपर्यंत खड्डा बुजवायचा नाही, फारतर बॅरिकेड लावा. हा एक कागद असता तर आज दाजींना दोन ऑफिसात फिरावं लागलं नसतं.

सध्या आम्ही दोन्हीकडे अर्ज टाकलेत. महापालिकेच्या पोचवर शिक्का आहे पण आवक नंबर नाही, तो सोमवारी या म्हणालेत. दाजींचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, दुकानात वरच्या फळीवरचा माल भाचा काढून देतो.

आपला,
एक रोजचा वाचक, ठाणे जिल्हा