रविवारी लहानपणचं एक पुस्तक सोबत आणा

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता, नेहमीच्या खोलीत, आपण लहानपणी वाचलेल्या पुस्तकांविषयी बोलणार आहोत. प्रत्येकाने एकच पुस्तक निवडावं. ते गाजलेलं असायला हवं असं अजिबात नाही. नुसतं नाव सांगून थांबू नका. ते हातात कसं आलं, कुठे बसून वाचलं, कोणतं चित्र अजून डोळ्यांपुढे आहे, तेही सांगा.

मी भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आणणार आहे. त्यातल्या बनेश फेणेचं, म्हणजे फास्टर फेणेचं, फुरसुंगी हे गाव पुण्याजवळ खरोखरच आहे हे कळलं, त्या दिवशी मला जेवण सुचलं नव्हतं! त्याच्यासारखा ‘ट्टॉक्’ असा आवाज काढायला आम्ही भावंडं दिवसभर जीभ टाळूला लावून बसायचो.

ज्यांच्याकडे जुनं काहीच उरलेलं नाही, त्यांनी ‘किशोर’ आठवून पाहावा. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या या मासिकाचे जुने अंक आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आपल्या वेळचा अंक शोधा, मुखपृष्ठ बघताच बरंच आठवेल.

जुन्या प्रती सुती कापडात गुंडाळून आणा. सुटलेल्या पानांना चिकटपट्टी मात्र लावू नका, तिचा डिंक पिवळा पडून कागद खराब होतो.

आपण काय आणणार ते शुक्रवारपर्यंत कळवा. नातवंडांनाही जरूर आणा, त्यांचं आवडतं पुस्तकही ऐकायचं आहे.