आवाजाचा रिमोट आईकडेच राहू द्या

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. फोनवर रिमोटचं हे सगळं सांगून होत नाही म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर तुम्ही दोघं "हाव, हाव, कळलं" म्हणता आणि फोन ठेवला की शेजारच्या काकूंच्या नातवाला हाक मारता. तो शाळेतून येईपर्यंत टीव्ही तसाच. आई, परवा तूच म्हणालीस, दुपारचं कीर्तन गेलं, पोरगं संध्याकाळी आलं. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय म्हणून. वाचून झालं की पत्र शोकेसमध्ये टीव्हीच्या मागं ठेवा, लाईटबिलांच्या फाइलीत नको. तिथं गेलेला कागद आपल्या घरात पुन्हा सापडत नाही.

बाबा, आधी हे सांगते की रिमोट बिघडलेला नाही. "एक लागलं की दुसरं बंद होयलंय" असं तुम्ही म्हणालात तेव्हाच मी ओळखलं, लाईट जाऊन आली असणार. दिवाळीत सेट करून दिलेल्या, तिन्ही रिमोटांचं काम एकट्यानं करणाऱ्या काळ्या रिमोटच्या 'सुरू' बटणात मी चार हुकूम एकामागे एक भरलेत. टीव्ही लाव, डिशचा डबा लाव, आवाजाचा साऊंडबार लाव आणि शेवटी टीव्हीला डब्याची तार जिथं लागते त्या एचडीएमआय एकवर ने. गोची अशी की लावायचा आणि बंद करायचा हुकूम वेगवेगळा नसतो. बहुतेक रिमोटवर पॉवरचं बटण एकच असतं आणि ते एवढंच सांगतं, आहेस त्याच्या उलट हो. तुम्ही जन्मभर वायरमनकी केली, तुमच्यासाठी हा जिन्याचा टू-वे स्विच आहे. खालचा खटका वर आहे की खाली, यावरून वरचा दिवा लागलाय का विझलाय हे सांगता येत नाही.

आपल्याकडे लाईट जाऊन आली की टीव्ही आणि साऊंडबार झोपलेलेच राहतात. डबा मात्र आपोआप उठून बसतो. अशा वेळी 'सुरू' दाबलं की टीव्ही लागतो, साऊंडबार लागतो आणि जागा असलेला डबा बिचारा बंद होतो. पडद्यावर 'नो सिग्नल'. मग तुम्ही चिडून परत 'सुरू' दाबता. आता टीव्ही बंद, साऊंडबार बंद, डबा चालू. असं दाबत बसलं तर तिघं कधीच एकत्र लागायचे नाहीत.

रिमोटला हे कळत का नाही, असं तुम्ही विचाराल. रिमोट फक्त बोलतो, त्याला ऐकू येत नाही. इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, उजेड इकडून तिकडं जातो, 'मी आधीच चालू आहे' असं उलट सांगायची सोय डब्याकडं नाही. काही टीव्हींना 'चालू' आणि 'बंद' असे दोन वेगळे हुकूम कळतात, त्यांच्या स्वतःच्या रिमोटवर तशी बटणं नसली तरी. आपल्या डब्यासाठी मला तसे सापडले नाहीत. इथं पुण्यात माझ्याकडंही असाच रिमोट आहे, पण लाईट क्वचित जाते म्हणून त्याची ही खोड दिसत नाही. एकच बटण दाबा आणि निवांत बसा, असं खोक्यावर छापणाऱ्यांनी उदगीरची लाईट हिशोबात धरलेली नसते.

तर लाईट जाऊन आली असेल तेव्हा असं करा. 'सुरू' एकदाच दाबा. मग बघा कोण मागं राहिलंय. पडद्यावर 'नो सिग्नल' असेल तर डबा बंद पडलाय, लाल ठिपक्याचं बटण एकदा दाबा. चित्र आहे पण आवाज नाही, तर पांढऱ्या चिकटपट्टीचं बटण साऊंडबारचं. पडदाच काळा असेल तर गुलाबी ठिपका, तो टीव्हीचा. ठिपके नेलपॉलिशचे आहेत, पुसले जाणार नाहीत. आई, तुला नाव वाचायची गरज नाही, रंग बघ.

आता आईसाठी. तू 'सुरू' दाबतेस, रिमोट दिवाणावर उपडा टाकतेस आणि चहाचं आधण बघायला जातेस. चारही हुकूम एका क्षणात सुटत नाहीत. टीव्ही लागल्यावर दुसरं काही ऐकायच्या स्थितीत यायला त्याला थोडा वेळ लागतो, म्हणून मी मधे मुद्दाम थांबे ठेवलेत. तू रिमोट उपडा टाकलास की शेवटचा हुकूम गादीत जातो आणि टीव्ही भलत्याच सोर्सवर अडकतो. रिमोटच्या टोकाचा बारीक दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत तो टीव्हीकडं तोंड करून धर. आधण कुठं पळून जात नाही. आणि डब्यापुढं ठेवलेली ती गणपतीची मूर्ती एक वीतभर बाजूला सरकव, डब्याचा डोळा तिच्यामागं झाकला जातो.

दिवाळीत मी तुमच्या दिवाणावर पेपर पसरून, ट्यूबलाईट बंद करून, दोन रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवले होते. तेव्हा तू विचारलं होतंस, "हे दोघं काय बोलायलेत एकमेकाशी?" पाहुणे आले आणि उत्तर राहून गेलं. जुना रिमोट बटण दाबल्यावर एक उजेड फेकतो, तो आपल्या डोळ्याला दिसत नाही. तो सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकतो, कंपनीप्रमाणे थोडं कमीजास्त. सोनीचा ४०,०००, फिलिप्सची जुनी पद्धत ३६,००० वाली. त्या लुकलुकण्यात छोट्यामोठ्या फटी सोडलेल्या असतात आणि त्या फटींचा क्रम म्हणजेच 'आवाज वाढव' किंवा 'चॅनल बदल'. नव्या रिमोटला यातलं काहीच समजत नाही. समोरून आलेल्या फटी तो जशाच्या तशा टिपून ठेवतो आणि हवं तेव्हा ओकतो. म्हणून त्याला जवळजवळ कुठल्याही कंपनीचा इन्फ्रारेडवाला रिमोट शिकवता येतो. ट्यूब बंद केली कारण तिच्या उजेडाचा गोंधळ नको होता. मी बटणं टिचकी मारल्यासारखी हलकी दाबत होते, कारण जास्त वेळ दाबलं की तोच हुकूम पुन्हा पुन्हा येतो आणि टिपताना घोळ होतो.

बाबा, तुम्हाला टेस्टरशिवाय कशावर विश्वास बसत नाही, म्हणून एक टेस्टर सांगते. मोबाईलचा पुढचा, सेल्फीचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्यापुढं धरून कुठलंही बटण दाबा. मोबाईलच्या पडद्यावर टोकाशी जांभळट पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. दिसला तर रिमोट आणि सेल ठीक आहेत, घोळ पुढं कुठंतरी आहे. दिसला नाही तर आधी सेल बदला. मागच्या कॅमेऱ्यात कधी कधी दिसत नाही, त्याला तो उजेड अडवणारी काच असते. आणि रिमोटला घातलेलं प्लॅस्टिकचं कव्हर राहू द्या, मला माहीत आहे तुम्ही ते काढणार नाही. फक्त टोकाशी दुमडून चिकटपट्टी लावू नका.

"हे कुणी काढलं?" असंही तुम्ही विचारलं होतंत. टीव्हीचे रिमोट अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीनं आणले. १९५० सालचा रिमोट वायरचा होता, लोक त्या वायरीत पाय अडकून पडायचे. १९५५ साली युजीन पॉली यांनी उजेडाचं पिस्तूल केलं, पण खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपणहून बदलायचा. दुसऱ्या वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी जो केला तो तुम्हाला आवडेल. त्यात सेलच नव्हते. बटण दाबलं की आत बारकी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर बसायची आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज निघायचा, तो टीव्हीला कळायचा. इन्फ्रारेड त्यानंतर पुष्कळ वर्षांनी रुळलं. एका रिमोटला दुसऱ्याची बोली शिकवायचा उद्योग तर ॲपलवाल्या स्टीव्ह वॉझनियाक यांनीही केला, १९८७ साली.

याहून भारी रिमोट मिळतो का, असं जावयांनी विचारलं होतं. लॉजिटेकचा हार्मनी नावाचा होता, त्यात 'टीव्ही बघा', 'गाणी ऐका' अशी कामाच्या नावाची बटणं असायची आणि काही बिनसलं की तो आपल्यालाच विचारायचा, टीव्ही लागला का, डबा लागला का. हुशार होता. पण त्याची जुळणी इंटरनेटवरून, कंपनीच्या खात्यात करावी लागायची, आणि २०२१ साली कंपनीनं ते रिमोट बनवणं थांबवलं. तुमच्या घरात कुणाच्या खात्यावर चालणारी वस्तू मला नको होती. हा साधा आहे, पण शिकवलेलं त्याच्या पोटातच राहतं. सेल काढले तरी विसरत नाही.

एक रिमोट मात्र यात आला नाही, येणारही नाही. टीव्हीच्या मागं खोचलेल्या स्टिकचा तो छोटा, ज्यात आई "हरिपाठ लाव" म्हणून बोलते. त्याचं स्टिकशी बोलणं ब्लूटूथवर चालतं, या रिमोटला ते ऐकूच येत नाही. तो वेगळाच ठेवा, गळ्यात अडकवलात तरी चालेल, इतका तो हरवतो. त्याचं घराचं बटण दाबलं की एचडीएमआयच्या जोडणीतूनच टीव्हीला निरोप जातो आणि टीव्ही स्वतः उठतो. ती सोय मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये चालू केली आहे. प्रत्येक कंपनीनं तिला आपलं वेगळं नाव ठेवलंय, सॅमसंगनं ॲनीनेट प्लस, एलजीनं सिम्पलिंक, त्यामुळे शोधायला नको तेवढा वेळ गेला.

आता जे सांगायला खरं तर हे पत्र आहे ते. दिवाळीनंतर दोनतीनदा व्हिडिओ कॉलवर बघितलं. बाबा दिवाणावर, काळा रिमोट बाबांच्या मांडीवर, आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणतीय, "अहो, कमी करा की तो आवाज." बातम्यांतले चौघं एकदम ओरडतायत आणि बाबांना आईचं ऐकू येत नाही. आधी असं नव्हतं. तीन रिमोट होते तेव्हा चॅनल बाबांचं आणि आवाज आईचा. साऊंडबारचा तो इवला रिमोट आईच्या उशीखाली असायचा, भाकरी थापायला उठली तरी पदराला गाठ मारून सोबत न्यायची. बाबांनी कुठलीही चर्चा लावावी, ती किती ऐकायची हे आई ठरवायची. कुणी बसून ठरवलेलं नव्हतं, पण त्यावर घर चाललं होतं. सगळं एका रिमोटमध्ये भरलं आणि तो ज्याच्या मांडीवर, सत्ता त्याची. हे रिमोट एकट्या माणसाचं घर समोर धरून बनवतात असं माझं मत झालंय.

म्हणून आई, साऊंडबारचा जुना रिमोट बाहेर काढ. कपाटात, वरच्या कप्प्यात, बिस्किटांच्या डब्यात जुने तिन्ही रिमोट रबर लावून ठेवलेत. तो तुझा. काळ्या रिमोटवरून आवाजाची दोन्ही बटणं मी येळवशीला, वेळ अमावस्येच्या सणाला, आले की काढून टाकणार आहे. 'सुरू' आणि पांढरी पट्टी राहील, आवाज कमीजास्त तुझ्याच हातात. बाबा, रागावू नका. तुम्हाला ऐकू कमी येतं हे खरं आहे, त्यासाठी आपण लातूरला कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन येऊ, त्याचा भार साऊंडबारवर नको. बाकी दोन जुने रिमोट डब्यातच असू द्या, फेकू नका. उद्या काळा रिमोट पडला-फुटला तर नव्याला शिकवायला तेच लागतील.

सेल बदलताना दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा असं नको. जुना सेल आत राहिला की त्याला पाझर फुटतो आणि पत्र्यावर हिरवट पांढरं चढतं. तसं झालंच तर बाबांना पॉलिश पेपर कसा मारायचा ते मी सांगायची गरज नाही.

आम्ही सगळे येळवशीच्या आदल्या रात्री पोचतो. लेकरं आंबिलासाठी आत्तापासून उड्या मारायलीत, आणि भज्जीला तुरीच्या ओल्या शेंगा शेतातल्याच घ्या, बाजारातल्या नको. कानाच्या डॉक्टरांची वेळ मी येळवशीच्या दुसऱ्या दिवसाची घेतली आहे. बाबा, नाही म्हणू नका.

तुमची लेक

ता. क. काळ्या रिमोटवर डाव्या कोपऱ्यातल्या बटणावर काळी टेप मारली आहे, ते शिकवायचं बटण आहे. शेजारच्या पोराला सांगा, टेप काढू नको. त्याला फारच हौस असेल तर मी आल्यावर त्याच्या घरच्या पंख्याचा रिमोट दुसऱ्या एखाद्याला शिकवून दाखवीन.