बंध जुनाच, व्याख्या नवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'रेणूंना जोडणारा नवा बंध सापडला' हा लेख वाचला. टेल्युरियमसारख्या आडबाजूच्या मूलद्रव्यासाठी मराठी दैनिकाने अर्धे पान दिले, याबद्दल आधी आभार मानतो. मात्र हा बंध 2019 साली 'सापडला' हे विधान पटण्याजोगे नाही. पाषाण रस्त्यावरच्या एका संशोधन संस्थेत, क्ष-किरण स्फटिकविज्ञानाच्या, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकातल्या अणूंची अंतरे मोजणाऱ्या विभागात तांत्रिक कर्मचारी म्हणून माझी सगळी नोकरी झाली. लेखात ज्याला कॅल्कोजेन बंध म्हटले आहे, म्हणजे गंधक, सेलेनियम, टेल्युरियम या गटातल्या अणूची शेजारच्या रेणूतल्या अणूशी असलेली ओढ, त्याचे आकडे आमच्या छापील तक्त्यांत त्याआधी कैक वर्षे होते. ब्रिटनमधले रसायनशास्त्रज्ञ नॅथॅनिएल अल्कॉक यांनी 1972 मध्येच अशा उदाहरणांचा आढावा घेऊन त्यांना 'दुय्यम बंध' म्हटले होते. 2019 मध्ये आयुपॅकने, म्हणजे रसायनशास्त्रातल्या संज्ञा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, कॅल्कोजेन बंधाची व्याख्या ठरवली, एवढेच. हायड्रोजन बंधाची व्याख्याही 2011 मध्ये नव्याने केली गेली, म्हणून तो त्या वर्षी सापडला असे कोणी म्हणत नाही.

आकड्यांचा विषय निघालाच आहे, तर शुद्ध टेल्युरियमचेच बघा. त्याचे अणू मळसूत्री साखळ्यांत बसतात, दर तीन अणूंना एक वेढा. साखळीतल्या लगतच्या दोन अणूंमध्ये अंतर 2.83 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), शेजारच्या साखळीतल्या अणूपर्यंत 3.49. दोन टेल्युरियम अणूंचे एकमेकांशी काही देणेघेणे नसते, नुसते खेटून बसले असते, तर हे अंतर 4.1 च्या आसपास भरायला हवे होते. म्हणजे 3.49 हे ना धड बंधाचे, ना धड परकेपणाचे. आवर्त सारणीत याच गटात एक घर वर सेलेनियम आहे, तिथे हे आकडे 2.37 आणि 3.44. एक घर खाली पोलोनियम, तिथे सहाच्या सहा शेजारी सारख्याच 3.36 वर, साखळी म्हणून काही उरतच नाही. खरा बंध कुठला आणि दुय्यम कुठला, हा भेद या एका उभ्या रांगेत खाली उतरता उतरता पुसला जातो. मला विचाराल तर अख्ख्या रसायनशास्त्रात इतका देखणा तक्ता दुसरा नाही.

संयुगांतही हेच. टेल्युरियम टेट्राक्लोराइड वाफेत सुटा रेणू असतो. स्फटिकात मात्र चार-चार रेणू मिळून एक घनाकार गठ्ठा करतात. प्रत्येक टेल्युरियमभोवती तीन क्लोरीन 2.31 वर आणि तीन 2.93 वर. दोन नायट्रोजनांच्या मध्ये टेल्युरियम धरलेली पंचकोनी कडी असलेले काही रेणू आहेत. त्यांत एका रेणूचा टेल्युरियम दुसऱ्याच्या नायट्रोजनला गाठतो आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या, असा चौकोन तयार होतो. हे अंतर सुमारे 2.7, आणि नुसते खेटून बसल्यास ते 3.6 भरले असते. टेल्युरियमच्या जागी गंधक घातला की ही जवळीक पार सैल पडते.

असे का होते, हे लेखात एका वाक्यात उरकले आहे. टेल्युरियमचा अणू मोठा, त्याचा इलेक्ट्रॉन-मेघ सहज इकडेतिकडे सरकणारा. त्याने एका बाजूला बंध केला की त्याच रेषेत, बरोबर विरुद्ध बाजूला, मेघ विरळ होतो आणि तिथे थोडा धनभार उघडा पडतो. याला सिग्मा होल म्हणतात. शेजारच्या नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा क्लोरीनची एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेली, इलेक्ट्रॉन जोडी नेमकी त्या जागेकडे तोंड करते. म्हणून हे आकर्षण वाटेल त्या दिशेने नसते. मूळ बंधाच्या रेषेत, जवळजवळ 180 अंशांवर. दिशा ठरलेली असल्यामुळे त्यावर रचनाही बेतता येते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले की टेल्युरियम-ऑक्सिजनच्या अशाच ओढीने चार-चार आणि सहा-सहा रेणूंची कडी आपोआप जुळते आणि द्रावणातही टिकते.

लेखातली दुसरी चूक अधिक गंभीर आहे. कॅडमियम टेल्युराइडच्या सौर पट्ट्यांचे श्रेय लेखकाने याच बंधाला दिले आहे. त्या स्फटिकात सुटे रेणूच नसतात. प्रत्येक कॅडमियमभोवती चार टेल्युरियम सज्जड बंधांनी बसलेले. 2015 मध्ये सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहावरचे, ज्याच्या माहितीवर आपल्या आयुकात म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेत काम चालते, ते कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे उपकरणही त्याच जातीचे. उदाहरण द्यायचेच होते तर बिस्मथ टेल्युराइडचे द्यायचे. त्यात पाच-पाच अणुथरांच्या वड्या असतात. दोन वड्या समोरासमोर येतात तिथे दोन्हीकडे टेल्युरियमच, आणि ती पकड इतकी नाजूक की साध्या चिकटपट्टीने पापुद्रा निघतो. वीज देऊन थंडावा निर्माण करणाऱ्या चकत्या याच पदार्थाच्या असतात. आमच्या यंत्रातला सीसीडी कॅमेराही अशाच चकतीने गार ठेवला जाई. टेल्युरियमचे स्फटिक मोजायचे आणि मोजणाऱ्या कॅमेऱ्याला थंड कोण ठेवणार, तर टेल्युरियमच!

(या मूलद्रव्याबरोबर काम करणे मात्र सुखाचे नाही. अंशभर जरी शरीरात गेले तरी श्वासाला लसणाचा उग्र वास येतो आणि लवकर जात नाही. आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याला त्या काळात पीएमटी बसच्या गर्दीतही ऐसपैस जागा मिळायची.)

आता मूळ तक्रारीकडे येतो, आणि ती फक्त आपल्या लेखकाबद्दल नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तेलाच्या थेंबात स्फटिक निवडायचा, तोही बारीक, कारण टेल्युरियम क्ष-किरण फार शोषतो. नायलॉनच्या फासात उचलायचा, नायट्रोजनच्या गार झोतात धरायचा, मग मोजणी. एवढा खटाटोप झाल्यावर पडद्यावर रेणूचे चित्र येते आणि संशोधक विद्यार्थी तेवढ्यावर खूश होऊन निघून जातो. चित्र काढणारा प्रोग्रॅम साधारणपणे दोन अणूंच्या संयुजी त्रिज्यांची (म्हणजे रीतसर बंधात असतानाच्या त्रिज्यांची) बेरीज करतो, त्यात 0.4 अँगस्ट्रॉम मिळवतो आणि अंतर त्याहून कमी भरले तरच रेघ ओढतो. या हिशेबात वरची सगळी उदाहरणे कटाप होतात: 3.49, 2.93, 2.7, सगळी. स्फटिक ज्या ओढीमुळे उभा आहे तीच चित्रात नसते. पुढे प्रबंधात हेच चित्र छापले जाते आणि कोणीतरी ते पाहून 'सुटे रेणू' असे लिहून मोकळा होतो. अंतरांचा तक्ता आधी वाचा, चित्र नंतर बघा, हे सांगून सांगून माझा घसा बसला.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, पुण्यातल्या बऱ्याच संशोधन संस्था लोकांसाठी खुल्या असतात. शाळेची मुले रांगा लावून येतात आणि त्यांना पडद्यावर एकटा रेणू गोल गोल फिरताना दाखवतात. त्याऐवजी मर्क्युरी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'पॅकिंग' आणि 'शॉर्ट कॉन्टॅक्ट्स' या दोन चौकटींवर टिचकी मारून तेच टेल्युरियमचे स्फटिक दाखवावे, अशी संबंधितांना विनंती आहे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे, पैसा लागत नाही. यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आधी एक दुपार बसवून हे दाखवायचे असेल तर मी यायला तयार आहे.

आणि कॅडमियम टेल्युराइडबद्दलची दुरुस्ती येत्या पुरवणीत छापावी. दहावी-बारावीची मुले ती पुरवणी कात्रणे काढून ठेवतात.

आपला,
एक निवृत्त तांत्रिक कर्मचारी
पाषाण, पुणे
(नाव व पत्ता केवळ कार्यालयीन नोंदीसाठी सोबत जोडला आहे.)